नेट्सचा ड्रॅगन, कोल्हा, शिलेदार आणि लिबर्टीची हत्तीण: तुमचं मत कुणाला?

चौथा_क्वार्टर

ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये एकाच छपराखाली बास्केटबॉलचे दोन संघ खेळतात. पुरुषांच्या एनबीए लीगमधले नेट्स आणि महिलांच्या डब्ल्यूएनबीएतली लिबर्टी. मालकही एकच. नेट्सकडे २०१४ पासून मॅस्कॉट (सोंग घेऊन प्रेक्षकांना रमवणारं संघाचं पात्र) नाही. लिबर्टीकडे एली आहे, लांब वेणी उडवत नाचणारी हत्तीण, आणि तिच्याबरोबर फोटो काढायला पोरांच्या आधी मोठी माणसं घुसतात. परवा मंडळाच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये यावरून जुंपली. एक पक्ष म्हणे, एनबीएला आता असल्या पोरखेळाची गरज उरलेली नाही. दुसरा म्हणे, नेट्सना मॅस्कॉट कधी धड जमलाच नाही. मी दुसऱ्या पक्षातला. थंडीमुळे वाद अर्धवट राहिला, म्हणून हा धागा.

नव्या मंडळींसाठी थोडा इतिहास. नेट्स १९७७ ते २०१२ न्यू जर्सीचे होते, आणि त्यातला मोठा काळ मेडोलँड्सच्या हॉलमध्ये गेला. तो सगळा भाग दलदलीचा. १९९४ साली हडसन नदीपलीकडचे न्यू यॉर्क निक्स फायनल खेळत होते आणि यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. तेव्हा संघाचे अध्यक्ष होते जॉन स्पोलस्ट्रा (मायामीचे कोच एरिक यांचे वडील). त्यांच्या डोक्यात आलं की संघाचं नाव बदलून ‘न्यू जर्सी स्वॅम्प ड्रॅगन्स’ करावं. थट्टा नाही, खरंच. लोगो काढून झाले, प्रकरण लीगमध्ये मतदानाला गेलं. २६ विरुद्ध १. विरोधातलं ते एक मत खुद्द नेट्सचं! मालकांनीच ऐनवेळी कच खाल्ली.

‘नेट्स’ हे नाव बचावलं, पण त्या काळात कोर्टाच्या कडेला फिरणारा मॅस्कॉट ड्रॅगनच होता. डंकन त्याचं नाव. हा गडी मला कधीच कळला नाही. दलदल, ड्रॅगन आणि ‘नेट्स’ यांची मोट कशी बांधायची?

मग १९९७-९८ चा हंगाम. नवा लोगो, गडद निळा, लाल आणि रुपेरी रंग, आणि त्या रुपेरीला शोभेल असा कोल्हा, स्लाय. हा चांगला टिकला. जेसन किडच्या जोरावर २००२ आणि २००३ अशा लागोपाठ दोन फायनल त्याने बघितल्या (लेकर्सनी ४-० धुतलं, पुढच्या वर्षी स्पर्सनी ४-२), आणि २००९-१० मध्ये पहिले १८ सामने सलग हरून १२-७० वर (१२ विजय, ७० पराभव) संपलेला हंगामही त्यानेच सोसला. पुढे न्यूअर्कला दोन वर्षं काढली आणि संघ ब्रुकलिनला निघाला तेव्हा स्लाय नदीच्या अलीकडेच राहिला.

२०१२. काळा-पांढरा पोशाख, मालकांत रॅपर जे-झी, नवंकोरं बार्कलेज. निक्सबरोबरचा पहिला सामना सँडी वादळामुळे पुढे ढकलला गेला, त्यामुळे ३ नोव्हेंबरला टोरँटोशी उद्घाटन झालं. त्याच दिवशी अवतरला ‘ब्रुकलिनाइट’ (यातलं ‘नाइट’ म्हणजे शिलेदार), चिलखत आणि शिरस्त्राण चढवलेला महानायक. घडवायला थेट कॉमिक्सवाली मार्व्हल कंपनी हाताशी. कागदावर याच्यासारखा दणदणीत मॅस्कॉट दुसरा नसेल. दोन हंगामांत गाशा गुंडाळला.

माझं मत असं की तो फसणारच होता. मॅस्कॉटकडून लोकांना मस्करी हवी असते. तो पडावा, पंचाच्या मागे उभं राहून त्याची नक्कल करावी, टकल्या काकांच्या डोक्यावरून हात फिरवावा. महानायकाने हे केलं तर त्याचा महानायकपणा जातो, आणि नाही केलं तर तो नुसता उभा राहतो. हा बिचारा उभा राहायचा.

आता लिबर्टी. १९९७ पासूनचा संघ, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या पहिल्या वर्षापासूनचा. मॅनहॅटनच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळायचा, म्हणून मॅस्कॉट होती मॅडी नावाची कुत्री. पुढे जुन्या मालकांनी संघाला गार्डनमधून काढून वेस्टचेस्टरच्या जेमतेम पाच हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये टाकलं. २०१९ मध्ये त्साय दांपत्याने संघ घेतला, ब्रुकलिनला आणला. गार्डनच सुटलं म्हटल्यावर मॅडीचं काय करणार? २०२१ मध्ये एली आली.

हत्तीणच का, तर ब्रुकलिन ब्रिज. १८८३ च्या २४ मे रोजी पूल उघडला. सहाच दिवसांत पूल कोसळतोय अशी हूल उठली आणि चेंगराचेंगरीत १२ माणसं गेली. लोकांच्या मनातली धास्ती काही जाईना. पुढच्या वर्षी, १७ मे १८८४ ला, सर्कसवाले बार्नम २१ हत्ती घेऊन त्या पुलावरून मॅनहॅटनहून ब्रुकलिनला चालत आले. लिबर्टीनेही तेच केलं, मॅनहॅटन सोडून ब्रुकलिन गाठलं. इतकी चपखल गोष्ट आयती सापडलेला मॅस्कॉट मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझा क्रम: एली, बऱ्याच अंतराने स्लाय, मग मॅडी, मग डंकन, आणि तळाला शिलेदार. बोला.

एडिसनकर

“बऱ्याच अंतराने स्लाय” वाचून चहा थंड झाला.

दादा, तुम्ही मेडोलँड्सला वरच्या मजल्यावर बसून बघितलंय का कधी? आम्ही मुलांना घेऊन तिथेच बसायचो, कारण खिशाला तेवढंच परवडायचं. हॉल अर्धा रिकामा. पण त्याचा फायदा असा की स्लाय वरपर्यंत यायचा. आमच्या रांगेत बसून माझ्या धाकट्याच्या डब्यातली चकली उचलायचा, तोंडाशी नेऊन खाल्ल्यासारखं करायचा आणि परत ठेवायचा. हे प्रत्येक वेळी, न चुकता. आज बार्कलेजमध्ये एली तिसऱ्या माळ्यावर येईल का? तिच्याभोवती कॅमेरेच एवढे की ती खालच्या रांगा ओलांडेल तर शपथ.

कोल्हा साधा होता हे कबूल. त्याच्यामागे पूल नाही, बार्नम नाही. पण आमच्या पिढीच्या जर्सीतल्या पोरांचा पहिला बास्केटबॉल म्हणजे तोच.

तिरफळ

शिलेदाराबद्दल सहमत, पण कारण मला वेगळं वाटतं. आमच्या गुहागरकडे शिमग्याला संकासुर येतो. काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरू. पोरं त्याला भितात, तरी लांबून ओरडून त्याला चिडवतातच. तो धावून आला की पळतात आणि पुन्हा चिडवायला परत येतात. भीती असली तरी चालते, चिडवायला वाव पाहिजे. शिलेदाराचे फोटो मी आत्ता शोधून बघितले. चेहराच झाकलेला. त्याला चिडवलं तर त्याला राग आला की हसू आलं, हे कळणार कसं?

गोगलगाय

हत्तीण विरुद्ध कोल्हा विरुद्ध ड्रॅगन, यात मत मागायची काय गरज? सोंड दिसली की आपलं मत ठरलेलं. मोरया!

अटलांटिक_अव्हेन्यू

@गोगलगाय, ही थट्टा मी दर सामन्याला माझ्या आईकडून व्हिडिओ कॉलवर ऐकते. 😄 आता पुरे. एली अस्सल ब्रुकलिनची पोरगी आहे. तिची वेणी, तिचे कपडे, तिचा नाच, सगळं इथल्या काळ्या मुलींच्या रस्त्यावरून आणि हेअर सलूनमधून आलंय. ते बघायचं सोडून सोंडच बघत बसलात तर अर्धी एली हुकली.

मी हंगामाची तिकिटं घेते. एक गोष्ट बाहेरून कळत नाही ती सांगते. इतर मॅस्कॉट नाच ‘करून दाखवतात’, म्हणजे आत माणूस आहे आणि जड सोंगात असूनही बघा कसा नाचतोय, असा तो प्रकार. एली थेट नर्तकी आहे. ठेक्यावर नेमकी थांबते, मान झटकून वेणी फिरवते, आणि मग दोन क्षण काहीच करत नाही. ते काहीच न करणं जमायला शिक्षण लागतं. शेजारच्या बाकावरच्या शाळकरी मुली तिचे नाच पाठ करून येतात.

आणि @एडिसनकर काका, ती वरच्या मजल्यावर येते. क्वचित, पण येते.

डबल_ड्रिबल

तुम्ही सगळे भावनिक झालात. उत्तर सोपं आहे. संघ जिंकला की मॅस्कॉट लाडका, हरला की विदूषक. लिबर्टीने २०२४ मध्ये विजेतेपद घेतलं, पाचव्या सामन्यात जादा वेळेत मिनेसोटाला ६७-६२ हरवून. मॅनहॅटनच्या ‘कॅन्यन ऑफ हीरोज’ रस्त्यावरून मिरवणूक निघाली, शहराच्या चाव्या मिळाल्या. त्या गर्दीत हत्तीण काय, उंदीरही लाडका झाला असता. शिलेदाराच्या वाट्याला विजेतेपद आलं असतं तर आज त्याचा पुतळा असता.

अटलांटिक_अव्हेन्यू

@डबल_ड्रिबल, तारखा बघ ना जरा. एली आली २०२१ ला. त्या हंगामात लिबर्टी १२-२० होती. त्याच्या आदल्या वर्षी २-२०! एलीचे नाच लोकांच्या फोनवर फिरायला लागले ते संघ चाचपडत असताना. २०२३ मध्ये फायनल हरले तोवर ती या शहरात सगळ्यांना माहीत झाली होती.

उलट स्लाय घे. दोन फायनल बघितलेला कोल्हा, तोही सलग. जिंकण्याने मॅस्कॉट मोठा होत असेल तर आज त्याची आठवण जर्सीतल्या एडिसनबाहेर कुणाला तरी असायला हवी होती.

एडिसनकर

एडिसनबाहेरही आहे. पर्सिपनीला आहे.

पण हा मुद्दा अर्धाच झाला. स्लायच्या काळात प्रत्येकाच्या हातात कॅमेरा कुठे होता? त्याने चकली चोरली ती आम्ही सहा जणांनी पाहिली आणि विषय संपला. आज एलीने नुसती मान वळवली तरी रात्रीपर्यंत लाखो लोक बघतात. तुलना करायची तर हे धरून करा.

चौथा_क्वार्टर

काकांचा फोनचा मुद्दा रास्त आहे, पण तो शिलेदाराला लावून बघा. २०१२ ला सगळ्यांच्या खिशात फोन होते. त्याचेही व्हिडिओ फिरले, लोकांनी खिल्ली उडवली म्हणून. म्हणजे फोन जे आहे ते मोठं करून दाखवतो, नसलेलं आणून देत नाही.

@डबल_ड्रिबल, आणि तो दोन्ही हंगाम प्लेऑफमध्ये होता हे विसरू नकोस. पहिल्या वर्षी ४९ सामने जिंकले. हरणाऱ्या संघाचा मॅस्कॉट म्हणून तो बुडाला असं म्हणता येणार नाही.

फरच्या_आत

एरवी फक्त वाचतो, या विषयावर मात्र बोलायचा अधिकार आहे. कॉलेजात असताना पुण्यात एका मॉलमध्ये सुट्ट्यांत अस्वल व्हायचो. रोजावर.

आत काय असतं ते सांगतो. पहिलं म्हणजे दिसत नाही. बहुतेक डोक्यांत डोळे शोभेचे असतात, बघायचं तोंडाच्या जाळीतून. समोरचं थोडं दिसतं, पायाशी आलेलं पोर अजिबात नाही. म्हणून सोबत एक माणूस लागतोच, जो तुमचा हात धरून फिरवतो आणि शेपूट ओढणाऱ्यांना आवरतो. दुसरं, उकाडा. फोम आणि फर, पंधरा-वीस मिनिटांत आतला शर्ट पिळून निघतो. मोठ्या संघांचे लोक बर्फाची जाकिटं घालतात म्हणे, आमच्या नशिबी टेबलफॅन. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: चेहरा हलत नाही. शिवलेलं हसू तेच. त्यामुळे राग, लाज, आनंद सगळं मानेतून आणि खांद्यातून काढावं लागतं. मान खाली आणि खांदे आत, झाली लाज. डोकं मोठं आणि मऊ असलं तर ही मान वीस रांगा लांबून वाचता येते.

आता शिलेदार बघा. शिरस्त्राण कडक, खांद्यावर चिलखत. म्हणजे मान आणि खांदे, दोन्ही बंद. आत कितीही गुणी माणूस घाला, त्याची हत्यारंच काढून घेतलीत. मार्व्हलवाल्यांनी चित्र सुंदर काढलं, पण ते घालून कुणाला तरी अडीच तास हसवायचं आहे हे कुणी विचारात घेतलं नसावं. आणि एलीच्या वेणीबद्दल माझा अंदाज असा की ती शोभेपुरती नाही. हत्तीचं डोकं जड दिसतं, मानेचा छोटा झटका लांबून कळत नाही. वेणी लावली की तोच झटका चौपट मोठा दिसतो.

तिरफळ

@फरच्या_आत, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. आता एकटाच वाचत बसू नका, लिहीत जा.

जुनी_सायकल

हत्तीचा विषय निघालाय आणि अप्पूचं नाव नाही? १९८२ च्या दिल्ली एशियाडचा छोटा हत्ती. आमच्या चाळीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता, तिथे सगळी चाळ गोळा व्हायची. पोरांना पदकतालिका माहीत नव्हती, अप्पू माहीत होता. तो खऱ्या हत्तीवरून घेतला होता, केरळचा कुट्टीनारायणन. स्पर्धा संपल्यावर त्याचे फार हाल झाले, पाय मोडला तो कधी नीट झालाच नाही. २००५ मध्ये गेला.

बालेवाडी_फाटा

आणि जिगर? २००८ ला पुण्यात कॉमनवेल्थ युवा स्पर्धा झाल्या, त्याचा वाघ. आमच्याच परिसरात, बालेवाडीला. दिल्लीच्या २०१० च्या शेराचा धाकटा भाऊ. शेरा लोकांना आठवतो, जिगर विचारला तर आमच्या सोसायटीतसुद्धा माना हलतात. आता यात दोष कुणाचा म्हणायचा?

डबल_ड्रिबल

स्पर्धेचा मॅस्कॉट दहा-पंधरा दिवसांचा पाहुणा. संघाचा मॅस्कॉट वर्षानुवर्षं घरातला. दोन्ही एका मापाने मोजू नका. विषय नेट्स-लिबर्टीचा आहे.

शिकागोचा_वारा

विषयाला धरूनच बोलतो. आमच्या शिकागो बुल्सकडे हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सुटला. बेनी द बुल १९६९ पासून आहे. लाल, केसाळ, गोलमटोल. नाव संघाचे पहिले जनसंपर्कवाले बेन बेंटली यांच्यावरून. पुढे स्प्रिंगवरून उड्या मारून डंक करणारे (बॉल वरून रिंगमध्ये कोंबणारे) मॅस्कॉट यायला लागले, तेव्हा १९९५ ला बुल्सनी बेनीच्या जोडीला दुसरा बैल उभा केला, ‘दा बुल’. तो तपकिरी, पिळदार, सगळा कसरतींचा मामला. जॉर्डनचा दुसरा सुवर्णकाळ या बैलाने जवळून पाहिला. २००४ ला तो गेला आणि आज बेनी एकटाच आहे. कसरती तोच करतो, आणि प्रतिस्पर्धी संघाच्या प्रेक्षकावर पॉपकॉर्नची अख्खी पिशवी रिकामी करायची ती त्यानेच.

आणि जुळवून आणलेली गोष्ट हवीच असते असंही नाही. फिनिक्स सन्सचा गोरिला बघा. १९८० मध्ये एक जण गोरिलाच्या वेषात गाणं म्हणून निरोप पोचवायला हॉलमध्ये आला. लोकांना आवडला म्हणून राहिला, तो आजतागायत. सूर्य आणि गोरिला, संबंध शून्य. @चौथा_क्वार्टर, डंकनला तुम्ही ज्या कारणाने नापास केलंत त्याच कारणाने गोरिलाही नापास व्हायला हवा.

चौथा_क्वार्टर

गोरिला प्रेक्षकांनी ठेवून घेतला, डंकन कचेरीतून आला. मी फरक तिथे करतो. पण तुमचा टोला बसला हे खरं, गोष्ट नसली तरी चालतं एवढं मान्य करावं लागेल.

पाणपोई

एलीवर माझाही जीव आहे, तरी एक खटकतं. ज्या गोष्टीचं इतकं कौतुक चाललंय ती बार्नमच्या सर्कशीची जाहिरात होती. पूल भक्कम आहे हे दाखवायला जनावरं वापरली, आणि त्यात आपल्या सर्कशीचाही डंका पिटून घेतला. त्यांचंच नाव पुढे चालवणाऱ्या रिंगलिंग ब्रदर्सनी २०१६ मध्ये हत्ती बंद केले, तेही किती वर्षांच्या आंदोलनांनंतर. अप्पूचं वर कुणीतरी लिहिलंच आहे. हत्तीला नाचवून टाळ्या घ्यायच्या आणि मूळ गोष्ट गुलाबी करून सांगायची, हे जरा जपून.

अटलांटिक_अव्हेन्यू

@पाणपोई, हो, हे मलाही टोचतं. मी माझ्यापुरता असा विचार करते की ते एकवीस हत्ती कुणाच्या तरी हुकमावरून चालत होते. एलीला कुणी हाकत नाही. खेळाडूंच्या आधी ती कॅमेऱ्यात घुसते, फोटोत मधे येते, हवं तेव्हा पाठ फिरवते. गोष्टीतला हा बदल मुद्दाम केलाय की आपोआप झालाय ते करणाऱ्यांना विचारायला हवं. पण म्हणून बार्नमला सूट नाही, ते बरोबर.

डबल_ड्रिबल

बरं, मग शेवटचं सांगा. नेट्सनी आता नवा मॅस्कॉट आणावा की नाही? निक्स, लेकर्स, वॉरियर्स कुणाकडेच नाही. वॉरियर्सकडे ‘थंडर’ होता. २००८ ला सिएटलचा संघ ओक्लाहोमाला जाऊन त्याने तेच नाव घेतलं, तेव्हा याला निवृत्त केला. त्यानंतर त्यांनी चार विजेतेपदं घेतली. बिनामॅस्कॉट!

चौथा_क्वार्टर

आणू नये. त्याच हॉलमध्ये एली असताना जो येईल त्याची पहिल्या दिवशी तुलना होणार आणि तो बिचारा घामाने भिजून घरी जाणार. नेट्सना सध्या आधी चाल रचणारा खेळाडू, पॉइंट गार्ड लागेल.

एडिसनकर

आणावा, आणि कोल्हाच आणावा. जर्सीची पोरं आता मोठी झाली, कमावती झाली, त्यांची पोरं घेऊन ब्रुकलिनला जातात. माझा धाकटा परवा म्हणाला, स्लाय परत आला तर हंगामाची तिकिटं घेतो. मी म्हटलं, घे, चकल्या मी देतो.

फरच्या_आत

काका, आत कोण आहे यावर अवलंबून आहे. माझा बायोडेटा पाठवू का?